दुखत नसतानाच शिकायचे उपचार

सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टरांनी समुपदेशकाकडे जायला सांगितलं की घरात पहिली शंका येते ती अशी: डॉक्टरांना हे दुखणं खरं वाटत नाही का? ही शंका उगाच येत नाही. या वेदनेचं बाहेरून फारसं काही दिसत नाही. मोठ्या माणसाच्या अंगावर बहुधा सूज नसते, जखम नसते, एक्स-रेही बऱ्याचदा साफ येतो. काल शेतात राबलेला मुलगा आज खाटेवरून उठत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा गावात हिंडताना दिसतो. मग ‘सोंग करतो’, ‘परीक्षा आली की हिचं अंग दुखतं’ अशी बोलणी सुरू होतात. घरात होतात, शाळेत होतात, कधी दवाखान्यातही होतात. वर्षानुवर्षं हे ऐकत आलेल्या माणसाला मनाचा उपचार सुचवला तर तो दुखावणारच.

म्हणून आधी दुखणं नेमकं कुठून येतं ते बघू. सिकलसेलच्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन एस असतं. प्राणवायू सोडला की या पेशी ताठर आणि विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या हाडापर्यंत रक्त पोचत नाही. रुग्ण ज्याला ‘क्रायसिस आला’ म्हणतात तो हाच. हाडाचं रक्त तुटल्यावर होणारी ही वेदना खरी आहे आणि तिला वेदनाशामक औषध लागतं. मनाचा कोणताही उपचार वाकडी पेशी सरळ करत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण वेदनेचा संदेश हाडातून निघून मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं, की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत हा संदेश वाढू शकतो किंवा दबू शकतो, आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या सूचनाही ते ठरवतात. भीती, जागरण, घरातलं भांडण, आपण एकटे पडलो ही भावना, यांनी तीच वेदना अधिक असह्य होते. घाबरलेल्या माणसाचे स्नायू आवळले जातात, श्वास वरवरचा होतो, झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी सहन करायची ताकद आणखी कमी झालेली असते. मनाचे उपचार काम करतात ते इथे.

किती करतात? प्रामाणिक उत्तर असं, की सिकलसेलमध्ये या उपचारांवर जगभर झालेले प्रयोग थोडे आणि लहान आहेत. वैद्यकीय संशोधनाचे काटेकोर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ते तपासले, तेव्हा एका प्रयोगात वेदनेमुळे मनाला होणारा त्रास कमी झालेला दिसला, वेदनेची तीव्रता मात्र कमी झालेली दिसली नाही. माझ्या मते हा फायदा लहान नाही. दुखणं तितकंच असूनही भीती ओसरली, रात्री डोळा लागला, आठ दिवसांऐवजी पाचव्या दिवशी माणूस शाळेत किंवा कामावर गेला, तर त्याच्या आयुष्यात पुष्कळ फरक पडतो. ही अपेक्षा धरूनच या उपचारांकडे जावं.

आणि ते शिकायचे दुखत नसताना. बहुतेक जण इथेच चुकतात. क्रायसिसच्या तिसऱ्या तासाला, कळांवर कळा येत असताना, कुणी येऊन ‘दीर्घ श्वास घे’ म्हणालं तर राग येतो आणि तो रास्त आहे. श्वास, विचार, लक्ष वळवणं ही कौशल्यं बऱ्या दिवसांत रोज थोडी थोडी हातात बसवावी लागतात, म्हणजे वाईट दिवशी ती आपोआप आठवतात. पोहायला पूर आल्यावर शिकत नाहीत.

सुरुवात एका वहीपासून करा. पन्नास पानांची साधी वही पुरे. रोज झोपण्याआधी तीन ओळी लिहा: आज दुखणं दहापैकी किती होतं, झोप कशी झाली, दिवसभरात मनाला लागलेली एखादी गोष्ट कोणती. महिना-दोन महिन्यांत त्यातून तुमचं स्वतःचं चित्र उभं राहतं. कुणाला दिसतं की पाणी कमी प्यायल्यावर दुखतं, कुणाला दिसतं की थंडी सुरू होताना, तर कुणाला दिसतं की घरात पैशांवरून वाद झाला की दुसऱ्या दिवशी अंग धरतं. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्या, किंवा कॅलेंडरच्या चौकोनात आकडा टाका. समुपदेशकाकडे आणि डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्या.

विचारांवर काम करणारी पद्धत, म्हणजे वर्तन-विचार उपचार किंवा सीबीटी, याच वहीवर उभी राहते. क्रायसिस सुरू झाल्यावर मनात विचारांची साखळी धावते: ‘दुखायला लागलं. आता पुन्हा भरती. पेपर बुडणार. वर्ष गेलं. माझं काही खरं नाही.’ पहिल्या कळेपासून आयुष्य संपल्याच्या निष्कर्षापर्यंत पोचायला मिनिटभरही लागत नाही, आणि शरीर त्या शेवटच्या वाक्याला घाबरून प्रतिसाद देतं. समुपदेशक ही साखळी कागदावर उतरवायला शिकवतो आणि प्रत्येक कडीला विचारायला लावतो: हे नक्की माहीत आहे, की ही भीती आहे? उत्तर वहीत असतं. ‘गेल्या पाचपैकी तीन वेळा गोळी, पाणी आणि शेक यांवर घरीच भागलं. दोनदा भरती झाले, दोन्ही वेळा घरी परत आले.’ हे वाक्य खोटी आशा दाखवत नाही, तुमचाच अनुभव तुम्हाला परत सांगतं. ‘सकारात्मक विचार करा’ या सल्ल्याहून हे फार वेगळं आहे, कारण त्या सल्ल्यात वेदना नाकारायची असते.

श्वासाचा सराव असा. पाठ टेकून बसा किंवा आडवे व्हा. एक हात पोटावर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या, पोटावरचा हात वर यायला हवा. मग आत घ्यायला जेवढा वेळ लागला त्याहून थोडा जास्त वेळ घेऊन सोडा. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. श्वास कोंडून धरायचा नाही, सिकलसेलमध्ये तर मुळीच नाही. दुसरी पद्धत स्नायू आवळून सैल सोडण्याची. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ती गेल्या शतकाच्या सुरुवातीला बसवली: पावलापासून कपाळापर्यंत एकेक स्नायुगट हलका आवळायचा आणि सोडून द्यायचा. सिकलसेलच्या रुग्णाने त्यात एक बदल करावा. जो भाग दुखतोय तो आवळायचा नाही, तिथे फक्त सैल सोडण्याकडे लक्ष द्यायचं. शेक गरम घ्या. बर्फ लावू नका, थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

कल्पनाचित्राची पद्धत मुलांना चटकन जमते. डोळे मिटून आवडत्या जागी जायचं आणि तिथलं सगळं बारकाईने बघायचं, ऐकायचं, हुंगायचं. समुपदेशकाने समुद्रकिनारा सुचवला आणि मूल गोंदियाचं असेल, त्याने समुद्र पाहिलेलाच नसेल, तर ते चित्र उभं राहणार नाही. त्याला मामाच्या गावचा तलाव हवा, मोहफुलांचा वास हवा, आजीच्या अंगणातली कोंबडी हवी. आईने हे चित्र मुलाकडूनच काढून घ्यावं आणि सुई टोचताना किंवा कळ येताना पुन्हा सांगायला लावावं. अगदी लहान मुलासाठी साबणाचे फुगे उत्तम. फुगा फुगवायचा तर श्वास सावकाशच सोडावा लागतो.

आता कामाबद्दल, कारण विदर्भात हा प्रश्न मोठा आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावतीचा मेळघाट आणि विदर्भाबाहेर नंदुरबार, धुळे, पालघर या पट्ट्यात सिकलसेलची बरीच घरं मजुरीवर किंवा थोड्या शेतीवर जगतात. रोवणीच्या दिवसांत पाऊस अंगावर घेत गुडघाभर पाण्यात दिवसभर वाकून उभं राहायचं. गारठा, ओल, थकवा, सगळं एकाच वेळी. रुग्ण बऱ्या दिवशी सगळी कामं उरकून टाकायला बघतो, दोन दिवस जिवापाड राबतो, मग आठ दिवस झोपतो, आणि उठल्यावर राहिलेलं भरून काढायला पुन्हा तेच करतो. हे चक्र तोडण्याला उपचारात महत्त्वाची जागा आहे. काम दुखेपर्यंत करायचं नसतं, वेळ ठरवून करायचं असतं: समजा पाऊण तास काम, पंधरा मिनिटं कोरड्यावर बसणं, पाणी पिणं, पुन्हा काम. बरं वाटत असलं तरी थांबायचं. हे रुग्णाला एकट्याला जमत नाही. ठेका घेतलेल्या टोळीत कुणी मधेच बसलं तर बाकीच्यांना राग येतो. म्हणून घरच्यांनी आणि टोळीतल्या मुख्य बाईने आधी बोलून घ्यावं, पाण्यातलं काम कमी आणि बांधावरचं जास्त अशी वाटणी करता येते का पाहावं. समुपदेशनाच्या खोलीत अशा गोष्टी बोलायच्या नसतात असं समजू नका. यासाठीच ती खोली आहे.

शाळकरी मुलांच्या बाबतीत काही गोष्टी शिक्षकांना ठाऊकच नसतात, त्या पालकांनी लेखी द्याव्यात. या आजारात मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, म्हणून मुलाला वारंवार जावं लागतं आणि पाणीही जास्त प्यावं लागतं. वर्गात बाटली ठेवायची आणि विचारल्याबरोबर बाहेर जायची परवानगी हवी. मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं होतं तेही बऱ्याचदा यामुळेच. त्यासाठी बोलणी खाल्लेलं मूल गावाला जायला, मित्राकडे राहायला घाबरू लागतं. डोळे पिवळे दिसतात म्हणून ‘याच्याजवळ बसू नका, लागण होईल’ म्हणतात. सिकलसेल लागत नाही, हे वर्गात शिक्षकांनी एकदा स्पष्ट सांगितलं तर पुष्कळ चिडवणं थांबतं. उंची वाढणं आणि वयात येणं उशिरा होतं, मुलं-मुली त्याने खचतात. उशिरा होतं पण होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

एक गोष्ट जास्त गंभीर आहे. सिकलसेलच्या काही मुलांच्या मेंदूला बाहेर काही न दिसता बारीक इजा होते. हात-पाय नीट चालतात, पण लक्ष टिकत नाही, पाठ केलेलं विसरतं, गणिताच्या पायऱ्या चुकतात. मुलाची प्रगती अचानक घसरली तर त्याला आळशी किंवा मठ्ठ ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि मानसशास्त्रज्ञाकडून लक्ष आणि स्मरणाची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो.

वयात आलेल्या मुलांविषयी उघड बोललं जात नाही ते इथे बोलतो. सिकलसेलमध्ये लिंगात रक्त अडकून, इच्छा नसताना, दुखरा ताठपणा तासन्‌तास राहू शकतो. मुलगा लाजेने कुणालाच सांगत नाही आणि कायमचं नुकसान होतं. दोन तासांहून जास्त राहिलं तर थेट दवाखाना. हे बापाने, काकाने किंवा डॉक्टरांनी त्याला दहा-बारा वर्षांचा असतानाच सांगून ठेवावं.

सतत दुखणाऱ्या माणसाला उदासी येते. सिकलसेलमध्ये ती ओळखणं अवघड, कारण थकवा रक्त कमी असल्यानेही येतो आणि झोप वेदनेनेही जाते. म्हणून थकव्यापेक्षा दोन प्रश्नांकडे लक्ष द्या: दुखत नसलेल्या दिवशीही कशात गोडी वाटत नाही का? आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? दोन्हींना उत्तर हो असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. उदासीची औषधं सिकलसेलच्या औषधांबरोबर देता येतात, मात्र दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. उदास माणूस क्रायसिस कमी ठेवणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चुकवू लागतो, त्याने क्रायसिस वाढतात, आणि उदासी आणखी गडद होते. गोळी दात घासण्यासारख्या रोजच्या कामाला जोडून ठेवा. जगण्याचा कंटाळा आला, मरून जावंसं वाटतं, असे शब्द कानावर पडले तर समजूत घालून सोडून देऊ नका. १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. अशा वेळी त्या माणसाला एकटं ठेवू नका.

दवाखान्यातल्या भांडणांबद्दलही समुपदेशकाशी जरूर बोला. रात्री अपघात विभागात नवा डॉक्टर असतो, रुग्ण स्वतःच इंजेक्शनचं नाव घेतो आणि डॉक्टरांना संशय येतो की याला सवय लागली आहे. दहा वर्षं दुखणं भोगलेल्या माणसाला आपल्याला काय लागू पडतं ते माहीत असणं स्वाभाविक आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: आजार, रक्तगट, नेहमीचं हिमोग्लोबिन, क्रायसिसमध्ये कोणतं औषध किती मात्रेत चालतं, कशाची ॲलर्जी आहे. तो कागद सिकलसेल कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि बोलायचं वाक्य घरी म्हणून बघा (एसएस म्हणजे रक्ताच्या तपासणीत सिकलसेलचा आजार निघालेला): ‘डॉक्टर, मी एसएस पॅटर्नचा पेशंट आहे. दुखणं दहापैकी आठ आहे. घरी या गोळ्या घेतल्या, उपयोग झाला नाही. हा माझ्या डॉक्टरांचा कागद.’ समुपदेशकासमोर दोन-तीनदा सराव केलात की संतापाच्या भरात शब्द अडत नाहीत.

ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखू लागलं, धाप लागली, अंगाची एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, किंवा मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगून मूल पांढरं पडलं, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका. गाडी करा आणि निघा.

शेवटी घरातल्या मोठ्यांविषयी. मुलाचा रिपोर्ट एसएस आला की अनेक घरांत ‘हे कुणाकडून आलं’ याची चौकशी सुरू होते आणि बोट बहुधा सुनेकडे जातं. एसएस होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही हा गुण यावा लागतो. दोघे एएस, म्हणजे स्वतः आजारी नसलेले वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. आणि हा गुण टिकून राहिला तो एएस माणसाला मलेरियाच्या जीवघेण्या दुखण्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं म्हणून. यात शाप नाही, कुण्या एका जातीचा दोष नाही, कुणाचं पाप नाही. हे आईला एकटीला समजून भागत नाही. सासू, सासरे, नवरा एका खोलीत बसून समुपदेशकाच्या तोंडून ऐकतील तेव्हा त्याचा उपयोग. कुटुंबाचं समुपदेशन म्हणतात ते हेच, आणि सिकलसेलच्या घरात मी त्याला सीबीटीइतकंच मोल देतो. अपराधी वाटणारी आई एकतर मुलाला काहीच करू देत नाही, किंवा त्याचं दुखणं बघवत नाही म्हणून दूर राहते. दोन्हींनी मूल भित्रं होतं. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनीही रक्त तपासून मगच बोलणी पुढे न्यावीत, आणि तपासणीत काय आलं ते लपवू नये. घराबाहेरचा आधारही तितकाच लागतो. नागपूरच्या संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी आपलं घर पाहून थांबायचं नाही असं ठरवून सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. रुग्ण आणि पालक एकत्र बसून बोलतात तिथे जे घडतं, ते कोणत्याही एका डॉक्टरच्या खोलीत घडत नाही. जवळपास असा गट असेल तर महिन्यातून एकदा जा. नसेल तर आशाताईंना विचारून गावातली तीन-चार घरं एकत्र आणा.

समुपदेशक मिळवायला जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग गाठा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं तिथे भेटतात. सिकलसेलच्या ओपीडीच्या दिवशीच दोन्ही कामं उरकता येतात का ते विचारा, म्हणजे दोनदा मजुरी बुडत नाही. पहिल्याच भेटीत त्यांना विचारा: तुम्ही सिकलसेलचे रुग्ण पाहिले आहेत का? किती भेटी लागतील? मी घरी काय करायचं? आजार त्यांना नवा असला तरी हरकत नाही, ऐकून घेण्याची आणि शिकण्याची तयारी हवी. पण जो समुपदेशक दुखणं मनाचं आहे म्हणतो, औषध बंद करा म्हणतो किंवा बोलणं अर्ध्यात तोडून उपदेश सुरू करतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही. विभागात दुसरं माणूस मागा.